तार सुटलेली बासुंदी

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीचं गोदाम मी सांभाळतो. कोणत्या खोलीत किती तापमान आहे, हवेत किती ओलावा आहे, कोणत्या लॉटची पोती कधी आत आली, हे सगळं रोज दोन वेळा वहीत लिहिणं हे माझं काम. एखादं पोतं गाडीतून उतरल्यावर अर्धा तास जास्त उन्हात राहिलं तरी मी हमालांवर तोंड सोडतो. ‘बी जिवंत असतं रे, त्याला चटका बसतो,’ हे माझं वाक्य ते माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. मला ते माहीत आहे.

हे आधी सांगायचं कारण, पुढं जे सांगणार आहे ते अशा माणसाला शोभणारं नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून पाच लिटर दुधाची बासुंदी नासली. ती मी माझ्या नव्या जावयाला तीन वाट्या खाऊ घातली. आणि दोष एका वयस्कर बाईच्या दुधावर जाऊ दिला. पहिल्या दोन गोष्टी गाढवपणात मोडतात. तिसरीचं काय करायचं, ते मला तीन वर्षं कळलं नाही.

ती बाई म्हणजे आमच्या गल्लीत रतीब घालणाऱ्या मावशी. गावाच्या कडेला त्यांची वस्ती आहे. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे, आता घरात चार म्हशी आणि थोडी शेती. मावशी पहाटे धारा काढून सात वाजता आमच्या दारात हजर असायच्या. डोक्यावर कॅन, हातात दांडीचं माप. माप दुधात बुडवायचं, भांड्यात ओतायचं, आणि मग न मागता आणखी एक धार वरून सोडायची. चांगला अर्धा कप तरी असायचा तो. ‘वरचं’ म्हणायच्या त्या त्याला. आमच्या मुलीनं लहानपणी त्या वरच्यासाठी वेगळी वाटी घेऊन दारात उभं राहायचा नेम धरला होता. पंधरा वर्षांत त्यांच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मुलीचं लग्न झालं आणि तिला वाटूरला दिली. जावई शेती बघतात आणि वाटूर फाट्यावर त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. मोकळे, हसरे, खाण्यात अजिबात न लाजणारे. लग्नानंतर लगेचच धोंड्याचा महिना आला. आता अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाला नारायण समजून वाढायचं, आणि हे पहिलंच धोंड्याचं जेवण म्हटल्यावर बायकोनं आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं. अनारसे, धोंडे, पुरण सगळं ठरलं. पण जेवणाचा मान बासुंदीचा. माझ्या बायकोची बासुंदी आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. जाफराबादकडचे आमचे भाऊबंद लग्नकार्यात दुसऱ्याच्या घरची बासुंदी खाऊनही तिचीच आठवण काढतात आणि यजमानांचा अपमान करतात.

जेवणाच्या आदल्या दिवशी तिनं सकाळी मावशींकडून पाच लिटर दूध घेतलं आणि दुपारी एकपर्यंत गॅससमोर उभं राहून आटवलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो, तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर निघाली होती. शेजारच्या वहिनींबरोबर जावयाचा आहेर आणायला बाजारात जायचं होतं, आणि तिथून पुढं तिच्या बहिणीकडं अनारसे करायला.

“ऐका,” ती म्हणाली, “परातीत गार पाणी घालून पातेलं त्यात ठेवलंय. पंखा लावा. मधूनमधून पळी फिरवा. वाफ गेली की चार लहान डब्यांत काढा अन् फ्रीजमध्ये ठेवा. तासाच्या वर बाहेर ठेवू नका. गरम असताना झाकण घालू नका, वाफेचं पाणी आत पडतं. आणि…” इथं तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं, “नैवेद्याची आहे. चाखू नका.”

“मी काय लहान आहे का?” मी म्हणालो.

ती गेली. घरात बासुंदीचा असा वास पसरला होता की मी पाच मिनिटं खुर्चीत बसून नुसता श्वास घेतला. मग पळी फिरवायला गेलो. मग चमचा घेतला. एक चमचा. तोंडातून काढला आणि परत पातेल्यात घातला. तोच. दुसरा चमचा पहिला नीट कळला नाही म्हणून. तिसरा कशासाठी ते आठवत नाही. चौथ्या वेळी मी मोठी चारोळी शोधत होतो हे मात्र आठवतं. पुरावा दिसू नये म्हणून वरची साय पळीनं सारखी केली आणि माशी बसेल म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं. घट्ट. परातीतलं पाणी एव्हाना कोमट झालं होतं. ते बदलायचं मनात आलं, पण आधी पाच मिनिटं पडावं म्हणून आडवा झालो.

श्रावणातली चिकट हवा, गच्च जेवण आणि रजेची दुपार. पाच वाजता जाग आली. तेवढ्यात कंपनीतल्या एकाचा फोन आला, चहाला चल. पातेल्यावरून हात फिरवला तर कोमट. गरम वस्तू आत ठेवली की फ्रीज खराब होतो असं माझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून म्हटलं, होऊ दे गार, आलोच. आलो आठ वाजता. मग धावपळ करून फ्रीजमधलं एका कप्प्याचं शेल्फ काढलं, भाज्या कोंबल्या आणि ते भलंमोठं पातेलं तसंच्या तसं आत ढकललं. लहान डबे घासलेले, कोरडे, ओट्यावर रांगेत तसेच बसले होते. ते उचलून कपाटात ठेवले.

साडेआठला बायको आली. “कधी ठेवली?”

“तेव्हाच. गार झाली तशी.”

इतकं सहज खोटं मी आयुष्यात क्वचित बोललो असेन. गोदामाच्या वहीत मी कधी एक अंशाचाही फेरफार केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पातेलं बाहेर काढायचं काम माझ्याकडं आलं. झाकण उघडलं, पळी बुडवली आणि वर उचलली. पळीच्या टोकापासून बासुंदीपर्यंत एक बारीक, चकचकीत धागा लोंबकळला. आता माझी आई गुळाचा पाक करायची तेव्हा मी तिच्याजवळ बसायचो. बोटांत पाक धरून ती तार बघायची, आणि तार आली की तिचा चेहरा उजळायचा. तार म्हणजे जमलं, एवढंच माझं स्वयंपाकाचं शिक्षण. मी आनंदानं ओरडलो, “अगं, काय तार सुटलीय बघ बासुंदीला!”

बायकोचे दोन्ही हात पुरणात होते. “बासुंदीला कुठं तार असती?”

“दाट झालीय म्हणून. तुझा हातच तसा.”

ती खूश झाली असावी. जवळ आली, पातेल्यात पाहिलं, आणि एक क्षण तिच्या कपाळाला आठी पडली. ती वाकली, पण लगेच तोंड फिरवलं. आमच्याकडं नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखत तर नाहीतच, हुंगतही नाहीत. तिची आई तर नैवेद्याचा स्वयंपाक करताना नाकावर पदर घ्यायची. घरात ती बासुंदी तपासू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिनं तोंड दुसरीकडं वळवलं. ज्यानं आधीच चार चमचे उष्टे केले होते, तो मात्र तार बघून नाचत होता.

नैवेद्य दाखवला. पानं वाढली. जावई, मुलगी, शेजारच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर, माझी मेहुणी. जावयाच्या पानाभोवती रांगोळी. नारायण आधी, म्हणून मी स्वतः त्यांचीच वाटी पहिली भरली. जावयांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला, जसा आमच्या हमालाचा मी लॉट नंबर विचारल्यावर होतो.

“कशीय?” मी विचारलं.

“वेगळीच झालीय, मामा,” ते म्हणाले.

“वेगळी असणारच! अख्ख्या जालन्यात अशी मिळायची न्हाई. घ्या!” आणि दुसरी वाटी वाढली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, रांगोळीकडं पाहिलं आणि ती संपवली. नव्या जावयानं धोंड्याच्या जेवणात नाही म्हणायचं नसतं, हे त्यांना घरून बजावलेलं असणार. त्या बळावर मी तिसरीही वाढली.

तेवढ्यात मुलीनं आपल्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. “आई,” ती म्हणाली, “ही आंबलीय.”

सगळ्यांचे हात थांबले. बायकोनं पातेलं जवळ ओढलं. आता नैवेद्य झाला होता, आता वास घ्यायला मनाई नव्हती. तिनं नुसतं झाकण उचललं आणि परत ठेवलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पाहुण्यांसमोर भांडं पालथं व्हावं तसा.

“दुधातच खोट असंल,” वहिनी म्हणाल्या. “आजकाल काय काय मिसळून राह्यले लोक, पावडर न् सोडा न्…”

“पण मावशींचं दूध…” बायको म्हणाली आणि माझ्याकडं वळली. तिला खरंच विचारायचं होतं. “तुम्हाला काय वाटतं?”

आणि मी म्हणालो, “असू शकतं.”

एवढंच. दोनच शब्द. मोठा आरोप नाही, शिवी नाही. पण गोदामातला माणूस बोलला म्हटल्यावर त्याला वजन आलं. “बघा, भाऊजींना कळतं त्यातलं,” वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळपासून जावयांचं पोट बिघडलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी आणि गोळ्या दिल्या आणि सहज विचारलं, “दुधाचा पदार्थ होता का? किती वेळ बाहेर राहिला?”

“नाही हो, फ्रीजमध्येच होता,” मी म्हणालो.

“बिघडलेलं दर वेळी वासानं सांगत नाही,” ते म्हणाले. “आणि बाहेर खूप वेळ राहिलेलं परत उकळलं तरी भरवसा नसतो. वेळच आठवायचा असतो.” मी मान डोलावली. वेळ मला अगदी बराबर आठवत होता. एक ते आठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात आल्या. बायकोनं भांडं पुढं केलं नाही.

“मावशी, उद्यापासून नको.”

“का वं बाई? गावाला चालल्या का?”

बायकोनं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सांगितलं. मी आत पेपर धरून बसलो होतो. त्यात काय छापलं होतं ते विचारू नका.

मावशींनी कॅनचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, “माझ्या म्हशीच्या दुधात बिलकुल खोट न्हाई, बाई. दूध माझ्या घरून निघाल्यावर कुठं ठुलं व्हतं, किती घडी ठुलं व्हतं, ते बघा.” आणि कॅन उचलून गेल्या. वहिनींनी दोन दिवसांनी त्यांचा रतीब बंद केला. मग समोरच्यांनी. दिवाळीपर्यंत मावशी आमच्या गल्लीत यायच्या थांबल्या.

यानंतरची तीन वर्षं मी पश्चात्ताप फ्रीजमध्ये केला. तोंडानं करायचा होता, ते धाडस नव्हतं, म्हणून हातानं केला. फ्रीज माझ्या ताब्यात घेतला. दुधाचं काहीही झालं की लहान, उथळ डब्यात काढायचं, कारण मोठ्या भांड्याचं पोट रात्रभर कोमट राहतं, हे मी त्या पातेल्यामुळं शिकलो होतो. दाराच्या कप्प्यात दुधाचं काही ठेवायचं नाही, दार उघडझाप करताना तिथं सारखी गरम हवा लागते. प्रत्येक डब्याला कंपनीतल्या बियाण्याच्या पोत्याचं लेबल अडकवायला लागलो. ‘श्रीखंड, मंगळवार, सायंकाळी सहा.’ बायको म्हणायची, “लॉट नंबर टाकायचा राहिला.”

वासाचंही मी शिकलो. झाकण उघडल्याचा पहिला वासच खरा, नंतर नाक सरावतं. श्रीखंडावर थोडं पाणी सुटलं म्हणजे गेलंच असं नाही, पण जिभेला चुरचुर लागली किंवा कडेनं बारीक बुडबुडे दिसले की विषय संपला. खव्याचा वास तुपासारखा न येता जुन्या तेलासारखा आला तर तो खवट. पेढ्यावर बुरा आला तर तेवढा भाग खरवडून बाकीचा खायचा नाही, बुरशी दिसते त्याच्या आत गेलेली असते. आणि तार. पाकाची तार वेगळी, ती साखरेची असते. आटवलेल्या दुधाला दुसऱ्या दिवशी तार सुटली तर ती नासण्याची. माझ्या आईचा चेहरा जिच्यामुळं उजळायचा, तिच्याच नावानं मी फसलो.

“तुमचं नाक रिटायर व्हायचं न्हाई कधी,” बायको म्हणायची. पण बासुंदी तिनं परत केली नाही. “पिशवीच्या दुधाला ती चव येत नाही,” म्हणायची आणि विषय बदलायची. मला माहीत होतं, नुसतं दूध नव्हतं ते. भरल्या पंगतीत हात फसला, तो परत घालायची तिची छाती होत नव्हती.

यंदा धोंडा ज्येष्ठात आला. ऊन असं की गोदामाच्या पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. आमंत्रणाला फोन केला तर जावई हसत म्हणाले, “येतो मामा, पण बासुंदी करणार असाल तर त्या बाईचं दूध घेऊ नका बरं का. दुकानात गिऱ्हाईक आलं अन् जालन्याच्या दुधाचा विषय निघाला का मी सांगत असतो, एका मावशीनं मला दोन दिवस झोपवलं व्हतं.”

ते गंमतीनं सांगत होते. मी मात्र फोन हातात धरून बसून राहिलो. म्हणजे माझे दोन शब्द वाटूर फाट्यापर्यंत पोचले होते आणि तिथं पंप दुरुस्त होईपर्यंत लोकांचं मनोरंजन करत होते. फाट्यावर चारी बाजूंच्या गाड्या थांबतात. तिथून पुढं ते कुठं कुठं गेले असतील, याचा विचार करायची माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी गाडी काढून वस्तीवर गेलो. मावशी गोठ्यासमोर कॅन घासत होत्या. ओळखलं त्यांनी.

“या भाऊ. लेक बरी हाये का?”

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झाकण, झोप, चहा, आठ वाजता ढकललेलं पातेलं. चार चमचेही सांगितले. ‘असू शकतं’ पण सांगितलं. सांगताना घाम आला, तो उन्हाचा नव्हता.

मावशी कॅन घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे झोपले तुम्ही आन् पाप माझ्या म्हशीला?”

“हो मावशी.”

“आन् नैवेद्याच्या बासुंदीत उष्टा चमचा?”

“चार वेळा.”

त्या हसल्या. खरंच हसल्या, पण ते हसणं सुटकेचं नव्हतं. “ते देवाचं आन् तुमचं बघा तुम्ही. माझं सांगते. मला येऊन सांगून काय फायदा, भाऊ? मला म्हाईतच व्हतं दूध चांगलं व्हतं म्हणून. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा. जिथं बोलले, तिथं बोला. त्याच लोकांसमोर.”

“बोलतो. आणि मावशी, बुधवारी आमच्याकडं धोंड्याचं जेवण आहे. दूध…”

“तुम्ही न्हाई,” त्या म्हणाल्या. “रतीब बाईनं बंद केल्ता. बाईनं मागावं.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ऐकलं. पहिलं वाक्य असं आलं: “चमचा कोणता होता?”

“लांब दांडीचा. श्रीखंडाचा.”

“तो मी नैवेद्यालाच वापरते अजून,” ती म्हणाली आणि हसेल असं मला वाटलं. हसली नाही. “बासुंदी जाऊ द्या. मला तीन वर्षं वाटलं माझा हात गेला, तेही जाऊ द्या. पण त्या बाईला मी दारातून परत लावलं. माझ्या तोंडानं. पंधरा वर्षं वरचं ओतणारी बाई, आणि मी तिला भांडंसुद्धा पुढं केलं नाही. तुम्ही पेपर वाचत होते.”

“वाचत नव्हतो,” मी म्हणालो.

“ते मला माहितीय.”

तिनं चप्पल घातली आणि रिक्षा करून वस्तीवर गेली. काय बोलल्या दोघी ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आल्यावर फक्त फर्मान निघालं: “मंगळवारी दूध येईल. आटवणार मी. पण गॅसवरून उतरल्यापासून पानात पडेपर्यंत बासुंदी तुमची. आणि देवाला यंदा ताज्या दूध-साखरेचा नैवेद्य. बासुंदी मी चाखून, हुंगून, बघून वाढणार. देवाला चालेल. माझं मी बघते.”

मंगळवारी सात वाजता मावशी आल्या. तीन वर्षांनी त्या दारात कॅन टेकल्याचा आवाज आला. पाच मापं ओतली. बायकोनं भांडं तसंच धरून ठेवलं. मावशींनी माप कॅनमध्ये ठेवलं आणि झाकण लावलं. बराबर पाच लिटर. वरून एक थेंब नाही. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “आधी बोला.”

त्या दिवशी मी पूर्ण रजा काढली आणि झोपलो नाही. गॅस बंद झाल्यावर बासुंदी चार उथळ पातेल्यांत ओतली, परातीत बर्फ घातला, वितळला की बदलला, झाकणाऐवजी वर जाळी. पंख्याखाली उभं राहून पळी फिरवत राहिलो. बायको पुरण वाटता वाटता अधूनमधून डोकावायची, “चारोळी सापडली का?” तासाच्या आत बासुंदी डब्यांत आणि डबे फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, मागं, थंड भिंतीला टेकून, एकावर एक न ठेवता. चार लेबलं. या वेळी मी लॉट नंबरही टाकला.

बुधवारी पानं मांडली. तेच लोक होते. मीच सगळ्यांना तसं बोलावलं होतं. बायकोनं दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला, मग चारही डबे उघडून आधी वास घेतला, मग स्वच्छ चमच्यानं चव घेतली, पळी वर उचलून पाहिली. धागा नाही, सरळ थेंब पडला. तिनं माझ्याकडं मान हलवली. बासुंदी पास झाली होती. राहिलो होतो मी.

“वाढायच्या आधी एक बोलायचंय,” मी म्हणालो, आणि बोललो. गोदामाच्या वहीत लिहावं तसं, वेळेसकट. एकला उतरवली, झाकण घातलं, चार वेळा उष्टी केली, झोपलो, आठला ठेवली. मावशींच्या दुधात खोट नव्हती. ‘असू शकतं’ म्हणालो तेव्हा मला माहीत होतं की ते असू शकत नाही.

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मी बी आपली पटकन बोलून गेल्ते तवा.” त्यांचे मिस्टर छताकडं बघत होते.

मग जावई बोलले. “मामा, एकच सांगा. तिसरी वाटी वाढली तवा तुम्हाला कळालं व्हतं का?”

“नाही हो. देवाशप्पथ. मला वाटलं तार म्हणजे चांगलं.”

“मंग ठीक हाये,” ते म्हणाले. “आता दुकानात गोष्ट बदलून सांगावी लागंल. तुमच्यावर. चालंल ना?”

“चालेल,” मी म्हणालो. “आणि मावशींचं चांगलं आहे हेही सांगा.”

“ते तर सांगनच. पण तुमची गोष्ट जास्त चालंल,” ते म्हणाले, मुलीनं त्यांना कोपरानं ढोसलं, आणि पंगत सुरू झाली. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. तिसरी मी वाढायला गेलो तर वाटीवर हात ठेवला. तेवढा हक्क त्यांनी कमावला होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी दारातच उभा होतो, पेपर आत ठेवून. मावशी आल्या. आता दुसऱ्या गल्ल्यांना दूध बांधलं गेलंय, तुम्हाला अर्धा लिटरच देता येईल, म्हणाल्या. चालेल म्हटलं. बायकोनं भांडं पुढं केलं. मावशींनी अर्ध्याचं माप ओतलं आणि हात तसाच धरून विचारलं, “बोलले का भाऊ?”

“बोलले,” बायको म्हणाली. “सगळ्यांसमोर. चमच्यासकट. वहिनी पण तुम्हाला विचारायला येणार हायेत.”

मावशींनी माप परत दुधात बुडवलं, जरा विचार केला आणि भांड्यावर तिरपं केलं. चार थेंब पडले. पूर्वी अर्धा कप असायचा.

मी भांडं आत नेलं आणि लगेच तापवायला ठेवलं.